टर्बोचं ॲव्हरेज छापताना त्याच्या अटीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत मध्यंतरी छोट्या टर्बो (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या) हॅचबॅक गाड्यांचा तक्ता आला होता. किंमत, ताकद, टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. त्यावर अनगोळच्या एका वाचकाचं पत्रही आपण छापलंत. कागदावर वीस, रस्त्यावर बारा, म्हणजे सगळी लुटालूट, असा त्यांचा सूर. मी दोन्ही वाचलं. तक्त्यातले आकडे खोटे नाहीत आणि त्या गृहस्थांचे बाराही खोटे नसावेत. मधले आठ किलोमीटर गेले कुठं, एवढंच कुणी सांगितलं नाही. टर्बो गाडीत सांगण्यासारखं तेच असतं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो, आता निवृत्त आहे. त्या कामात एक खोड लागते. कुणी आकडा सांगितला की आपण विचारतो, कशानं मोजला? जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, गरम असताना की थंड झाल्यावर? मशीनवरून नुकत्याच काढलेल्या गरम जॉबचं माप घेऊन कुणी 'ओके' म्हणालं तर आम्ही त्याला परत पाठवायचो. ॲव्हरेजच्या आकड्याला हा प्रश्न विचारायचं मात्र लोकांच्या मनात येत नाही. शोरूममधला पोरगा म्हणतो, "सर, बावीस देते, डोळे झाकून घ्या." आपण खरंच डोळे झाकतो.

माझ्याकडं बलेनो आरएस आहे. मारुतीनं मार्च २०१७ मध्ये आणलेली आणि २०२० च्या सुरुवातीला, धुराचे बीएस-६ नियम यायच्या वेळी बंद केलेली. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं, १०२ पीएस (अश्वशक्ती) ताकद, १५० न्यूटन मीटर टॉर्क, गाडीचं वजन ९५० किलो. घेतली मुलानं. तो बेंगळुरूला गेला आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये हिचं काय करू म्हणून इथंच ठेवून गेला. सुट्टीला आला की म्हणतो, "बाबा, ही गाडी तुम्ही लुनासारखी चालवता." चालवतो. पण पाहिजे तेव्हा ती काय करते तेही मला ठाऊक आहे.

आता ही गंमत बघा. त्याच बलेनोचं साधं १.२ लिटरचं, टर्बो नसलेलं पेट्रोल मॉडेल तेव्हा होतं, ८४ पीएसचं. त्याचं प्रमाणित ॲव्हरेज होतं २१.४. आरएसचं २१.१. म्हणजे अठरा पीएस जास्त, पस्तीस न्यूटन मीटर जास्त, आणि लिटरमागं फरक फक्त तीनशे मीटरचा! कागद वाचणाऱ्याला वाटणारच, की ताकद फुकट मिळाली. ती फुकट नाही. ती वापरलीत तर तिचं बिल येतं, आणि ॲव्हरेजच्या परीक्षेत ती कुणी वापरतच नाही.

परीक्षा कशी होते ते सांगतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. गाडीच्या वजनाचा आणि वाऱ्याचा भार रोलरला दिलेला असतो. ड्रायव्हरच्या समोर पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि त्यानं तिच्याबरोबर राहायचं असतं. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. अंतर साधारण साडेदहा किलोमीटर. सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास आणि कमाल वेग ९०, तोही अगदी थोडा वेळ. गिअर कधी बदलायचा तेही ठरलेलं. एसी बंद. पेट्रोल किती गेलं हे मापानं मोजत नाहीत. सायलेन्सरमधून आलेल्या धुराचे नमुने पिशव्यांत भरून घेतात, त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. मापनाचा माणूस म्हणून सांगतो, पद्धत नामी आहे. सगळ्या गाड्यांना सारखीच लागू होते, त्यामुळं एक गाडी दुसरीच्या शेजारी उभी करून बघायला उपयोगाची आहे. युरोपातही जवळपास अशीच जुनी परीक्षा होती. प्रत्यक्षातली तफावत फार वाढली म्हणून त्यांनी २०१७ पासून जास्त कडक परीक्षा आणली.

आपल्या परीक्षेत रेघ इतकी हळू चढते, की छोट्या टर्बो इंजिनाला फुंकर घालायची वेळच क्वचित येते. मग ते काय असतं? हजार सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. घर्षण कमी, आणि थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, थोडा जास्त उघडा राहत असल्यानं हवा ओढायची ओढाताणही कमी. त्यामुळं ॲव्हरेज झकास येतं आणि ते खरंच असतं. तुम्हीही तसंच चालवाल तर तुम्हालाही त्याच्या जवळपास मिळेल. फक्त तसं कुणी चालवत नाही, आणि स्पोर्टी गाडी घेणारा तर नाहीच.

पाय दाबला की पुढं काय होतं, ते मला जरा सविस्तर सांगू द्या. आयुष्य ओतकामात गेल्यामुळं हा भाग माझा आहे.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू टर्बाइनचं चाक फिरवतो, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे. त्याच दांड्यावर पलीकडं बसलेलं ॲल्युमिनियमचं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. हवा जास्त गेली की पेट्रोलही त्या प्रमाणात जास्त लागतं. वजनानं साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. हवा फुकटची आहे, पेट्रोल नाही. इथपर्यंत हिशेब सरळ. जास्त ताकद मागितली, जास्त पेट्रोल दिलं.

पण घाट चढताना किंवा हायवेला ओव्हरटेक करताना पाय दाबूनच धरला, की बाहेर पडणारा वायू नऊशे अंशांच्या घरात जातो. ज्या ओतीव घरात टर्बाइन फिरतं, ते साध्या बिडाचं करून चालत नाही. सिलिकॉन-मॉलिब्डेनम घातलेलं डक्टाइल आयर्न साडेआठशेपर्यंत तग धरतं. त्याच्या वर निकेल भरपूर असलेलं बीड लागतं आणि आणखी वर उष्णतारोधक पोलाद. प्रत्येक पायरीला किलोचा भाव चढतो. निकेलचे भाव पाहिलेत का? असला जॉब ओतताना आत हवेचं एक भोक, म्हणजे ब्लो-होल, राहिला तरी अख्खा हीट, म्हणजे त्या वेळी ओतलेला सगळा माल, बाजूला काढावा लागतो. म्हणून धातूला वाचवायला इंजिनाचा संगणक एक युक्ती करतो. मिश्रण मुद्दाम रिच करतो, म्हणजे लागतं त्याहून जास्त पेट्रोल सोडतो. त्या जादा पेट्रोलला जळायला ऑक्सिजनच उरलेला नसतो. त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. धूर थंड होतो, टर्बाइन वाचतं, धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर वाचतो. तुमच्या खिशातलं ते पेट्रोल मात्र चाकापर्यंत पोचतच नाही. कूलंट, म्हणजे थंडावा द्यायचं द्रव, म्हणून वापरलं जातं आणि सायलेन्सरमधून निघून जातं.

साध्या इंजिनातही पूर्ण थ्रॉटलला हे थोडंबहुत होतं. पण टर्बोत भार जास्त आणि गरमीही जास्त, त्यामुळं ते लवकर सुरू होतं आणि जास्त खातं. नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटणं, टाळायला ठिणगी उशिरा द्यावी लागते, त्यातही थोडी ताकद वाया जाते. म्हणून हळू चालवणारा आणि जोरात चालवणारा यांच्या ॲव्हरेजमधलं अंतर टर्बो गाडीत साध्या गाडीपेक्षा मोठं असतं. आपल्या तक्त्यात एका आकड्याखाली हे सगळं अंतर झाकलं गेलं आहे. लूट म्हणावं असं त्यात काही नाही, पण वाचकाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता आपल्या भागातले रस्ते.

शहरात, म्हणजे टिळकवाडी ते खडेबाजार, कॅम्प, शहापूर, मला उन्हाळ्यात एसी लावून साडेबारा-तेरा मिळतं. पावसाळ्यात आणि थंडीत एसी लागत नाही तेव्हा चौदाच्या वर जातं. इथं टर्बोला फार दोष देऊ नये. तीन-चार किलोमीटरची फेरी, इंजिन धड गरम होईपर्यंत आपण पोचलेलो असतो, आणि थंड इंजिन जादा पेट्रोल पितंच. वर पहिल्या-दुसऱ्या रेल्वे गेटावर गाडी चालू ठेवून बसायची आपल्या लोकांना सवय. गेट पडलेलं, मालगाडी अजून दिसायची आहे आणि शंभर इंजिनं घरघरतायत! उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं, मग ती टर्बो असो की नसो.

टर्बोचा खरा मोह काँग्रेस रोडला होतो. रस्ता मोकळा दिसला की दुसऱ्या गिअरला पिकअप असा येतो की चाळीसच्या जागी साठ कधी झाले कळत नाही. पुढं आरपीडी चौकात पुन्हा ब्रेक. चाळीसपेक्षा साठला गाडीत सव्वादोन पट ऊर्जा भरलेली असते आणि ती सगळी ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते. अनगोळच्या वाचकांचे बारा मला इथंच कुठंतरी सांडलेले दिसतात.

हायवेचं बरोबर उलट. माझे साडू संकेश्वरकडचे. तिकडं जाताना काकती सोडली की वंटमुरीचा चढ-उतार. पुढं निपाणीला जायचं असेल तर तवंदी घाट. त्या घाटात ट्रकांची अवस्था बघता जोर करायची इच्छाच होत नाही. पाचव्या गिअरला ऐंशी-पंच्याऐंशीनं गेलं तर गाडी एकोणीसच्या आसपास देते, कधी थोडं वरही. मुलगा त्याच रस्त्यानं जाऊन येतो तेव्हा चौदा. गाडी तीच, पंप तोच, टायरमधली हवा तीच. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीचे शंभर केलेत की प्रत्येक किलोमीटरला वारा कापायचा खर्च दीडपटीहून जास्त. अशा चारपदरी हायवेला कारची मर्यादा शंभरच आहे. मुलगा किती वेगानं जातो ते मी वर्तमानपत्रात लिहीत नाही.

आणि चोर्ला घाट. मुलगी म्हापशाला दिली आहे, त्यामुळं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी हा रस्ता पायाखालचा. या घाटाबद्दल लोकांत इतके समज आहेत की एक हिशेब मांडतोच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. साखळी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. गाडी, चार माणसं आणि डिकीतले आंबे-काजू धरून साडेबाराशे किलो. एवढं वजन साडेसातशे मीटर वर उचलायला नऊ मेगाज्यूलच्या थोडी वर ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असते, पण इंजिन त्यातली पाव ते तीस टक्केच कामाला लावतं. म्हणजे रस्त्याचा खर्च बाजूला ठेवा, नुसती उंची चढायला एक लिटर लागतं. कुठलीही गाडी असली तरी वजनाच्या प्रमाणात हा एक लिटर द्यावाच लागतो. टर्बोचा दोष इतकाच, की चढाला पाय दाबावासा वाटतो आणि मग वर सांगितलेलं कूलंटचं पेट्रोल सुरू होतं. चढावर तिसऱ्या गिअरला, फेरे मध्यम ठेवून, टर्बोच्या दाबाच्या (बूस्टच्या) आधारानं शांतपणे चढलं तर हे इंजिन साध्या १.२ पेक्षा सुखानं चढतं. साध्या इंजिनाला तिथं दुसऱ्या गिअरला किंचाळावं लागतं. जाऊन-येऊन मला सोळाच्या आसपास पडतं, आणि त्या रस्त्याची पावसानंतरची दशा बघता ते चांगलंच म्हणायचं.

उतरताना काही थोडं परत मिळतं, पण गाडी गिअरमध्ये असेल तरच. पाय काढला की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद होतात आणि चाकंच इंजिन फिरवतात, तेव्हा पेट्रोल शून्य जातं. आपल्याकडचे बरेच बहाद्दर पेट्रोल वाचवायला उताराला न्यूट्रल करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, आणि ब्रेक तापून हलके पडले की पुढं दरी असते. वाचत काहीच नाही.

गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून येताना टाकी फुल करायची आपली रीत. त्यावर आमचे एक शेजारी म्हणतात, भरलेल्या टाकीचं वजन घाटात सगळी बचत खातं. माझ्या गाडीची टाकी ३७ लिटरची. तेवढं पेट्रोल भरतं सत्तावीस-अठ्ठावीस किलो. साडेबाराशेत त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या एका लिटरमधले वीस-पंचवीस मिलीलिटर. खुशाल भरा. उलट सीमेवरच्या कोगनोळीकडून कोल्हापूरवाले आपल्याकडं टाकी भरायला यायचे, त्यांची मजा मात्र कमी झाली. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं विक्रीकर वाढवला आणि पेट्रोल लिटरमागं तीन रुपयांनी चढलं.

राहिला इथेनॉलचा विषय. त्याशिवाय हल्ली ॲव्हरेजची कुठलीच चर्चा संपत नाही. अनगोळच्या वाचकांनी त्याचाही उल्लेख केला आहे आणि आमच्या घरात तर त्यावर जेवणं थंड होतात. साडू ऊस लावतात. मी म्हटलं, ई-२० मुळं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळं, गाडी लिटरमागं थोडं कमीच जाते. ते म्हणाले, "तुमचं अर्ध्या किलोमीटरचं दुखणं! आमच्या उसाला कारखान्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक मिळालं की." डिस्टिलरीही कारखान्याचीच असते असं मी म्हणणार होतो, पण मेव्हणी वाढत होती.

हिशेब असा. इथेनॉलच्या एका लिटरात ऊर्जा सुमारे २१ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. म्हणजे वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागं सात टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी. आपण आधीच दहा टक्के मिश्रण वापरत होतो. तिथून वीसवर येताना फरक साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के घट धरली आहे, आणि दहासाठी बनवून वीससाठी जुळवलेल्या गाड्यांना एक ते दोन टक्के. अठरा देणारी गाडी सतरा-साडेसतरावर येईल. वीसची बारावर येणार नाही. इथेनॉलच्या डोक्यावर सगळंच खापर फोडू नये.

टर्बोवाल्यांसाठी त्यात एक बरी बाजूही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, जास्त असतो आणि वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता ओढतं. नॉकिंगची भीती टर्बोलाच जास्त, त्यामुळं हे त्याला मानवण्यासारखं आहे, अर्थात गाडीचा संगणक त्यासाठी जुळवलेला असेल तर. माझ्यासारख्या जुन्या गाडीवाल्यानं रबरी नळ्या आणि गॅस्केटवर लक्ष ठेवावं. माझी तक्रार ऊर्जेची नाही. लिटरमध्ये ऊर्जा कमी झाली आणि दर लिटरचाच राहिला, याची आहे. साडूंनीही हे मान्य केलं, पण हळू आवाजात.

आता आपल्याकडं मागणं.

वाहन पुरवणीत तक्ता जरूर द्या. पोलोचं एक लिटर टीएसआय असो, अल्ट्रोझचं १८.१३ असो की अबार्थ पुंटोचं १६.३ असो, प्रमाणित आकडे शेजारीशेजारी बघायला मलाही आवडतात. पण रकान्याच्या खाली एक ओळ छापा: परीक्षा रोलरवर, एसी बंद, सरासरी वेग ताशी ३२, कमाल ९०. एवढ्यानं निम्मी भांडणं मिटतील. दुसरं, आपला प्रतिनिधी नवी गाडी चालवून परीक्षण लिहितो तेव्हा "ॲव्हरेज समाधानकारक" असं न लिहिता टाकी ते टाकी मोजून लिहू दे. बेळगाव-निपाणी एकदा ऐंशीनं आणि एकदा शंभरनं, तेवढ्यात टर्बोचा स्वभाव कळतो. मीटरवर दिसणारं ॲव्हरेज छापू नका. गाडीचा संगणक इंजेक्टर किती वेळ उघडा होता त्यावरून अंदाज करतो, आणि माझ्या अनुभवात तो अंदाज मालकाला खूश करणारा असतो. माझ्या गाडीचा तर हमखास.

तिसरं, वाचकांकडून आकडे मागवा. खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड, सगळीकडून. गाडी, रस्ता, एसी, माणसं किती, एवढं लिहून पाठवायचं. मोजण्याची रीतही छापा, कारण बहुतेक लोक चुकतात तिथं. पंप एकच ठेवायचा, जमल्यास नोझलही तेच. पहिल्यांदा आपोआप खटका पडला की थांबायचं. पोऱ्या "राऊंड फिगर करू का साहेब?" म्हणाला तर नको म्हणायचं, कारण त्या राऊंड फिगरमध्येच अर्धा-पाऊण लिटरची गफलत होते. मग टाकी बरीचशी संपेपर्यंत चालवायची, पुन्हा तिथंच पहिल्या खटक्यापर्यंत भरायची आणि किलोमीटरला लिटरनं भागायचं. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं, ते मागायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. मागितलं की मॅनेजरचं तोंड वाकडं होतं, होऊ दे.

अनगोळच्या वाचकांना आपल्यामार्फत इतकंच विचारतो: बारा कुठं मिळाले? अनगोळ ते कॅम्प, मुलांची शाळा, भाजी आणि क्लास असे मिळाले असतील तर त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही, साध्या इंजिनाची गाडीही तिथं चौदा-पंधराच दाखवेल. पण हायवेला ऐंशीनं जाऊनही बाराच येत असतील तर गाडी बघायला हवी. आधी टायरची हवा, मग एअर फिल्टर. मग जॅकवर घेऊन चारही चाकं हातानं फिरवून बघावीत, एखादा ब्रेक चिकटलेला असतो. शेवटी इंटरकूलरची, म्हणजे टर्बोनं दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाची, होज (नळी). तिचा क्लॅम्प ढिला असला तर पाय दाबल्यावर बॉनेटमधून फुस्स असा आवाज येतो, पिकअप पडतो आणि ॲव्हरेजही. उद्यमबागेतला कुठलाही बरा मेकॅनिक तो क्लॅम्प स्क्रूड्रायव्हरनं आवळून देईल. ग्राहक न्यायालयात जायचं असेल तर त्याच्यानंतर जावं.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर), टिळकवाडी, बेळगाव